गुरुजींची पदवी

येरवड्याच्या महापालिकेच्या शाळेत मी सदतीस वर्षं गुरुजी होतो. १९७८ साली पहिलीचा वर्ग हातात घेतला आणि २०१५ साली निवृत्त झालो, त्या दिवशीही चौथीतली एक मुलगी दारातून विचारून गेली, "गुरुजी, उद्या येणार ना?" आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर एक हायस्कूल आहे. आमच्याकडची पोरं चौथी पास होऊन तिथं जायची आणि पंधरा दिवसांत त्यांची जीभ वळायची. तिथले शिक्षक 'सर'. माझा स्वतःचा धाकटा मुलगा पाचवीत गेला आणि आठवड्याभरात जेवताना म्हणाला, "बाबा, आमचे सर सांगत होते..." त्यात त्याची काही चूक नव्हती. अख्खं गाव तसंच बोलत होतं.

या दोन हाकांमागे दोन कागद होते. गुरुजीजवळ डी.एड.ची पदविका, सरांजवळ बी.एड.ची पदवी. त्याच्या आधीच्या पिढीत गुरुजी पी.टी.सी. आणि सर बी.टी. अक्षरं बदलली, वाटणी तीच राहिली: लहान मुलांना शिकवणाऱ्याला दाखला आणि मोठ्यांना शिकवणाऱ्याला विद्यापीठाची पदवी. ही वाटणी कुणी केली आणि का केली, हा प्रश्न मला नोकरीभर टोचत होता. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसा अप्पा बळवंत चौकातली जुन्या पुस्तकांची दुकानं आणि नगर वाचन मंदिर अशा खेपा सुरू केल्या. जे सापडलं ते सांगतो.

सुरुवात पुण्यात करायची तर सावित्रीबाई फुल्यांपासूनच करावी लागते. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा भरली, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो आणि शिकवतो. त्या शिक्षिका कशा झाल्या, याबद्दल मात्र दोन ओळींपलीकडे काही सांगितलं जात नाही. पती जोतीरावांनी त्यांना घरी लिहा-वाचायला शिकवलं. त्यानंतर अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. नॉर्मल स्कूल म्हणजे शिकवावं कसं हे शिकवणारी शाळा. म्हणजे पुण्यातली ही पहिली शिक्षिका नुसत्या तळमळीवर वर्गात उभी राहिली नव्हती, ती प्रशिक्षित होती. माझ्या दृष्टीनं ही गोष्ट लोकांनी तिच्यावर मारलेल्या शेणाच्या गोळ्यांइतकीच सांगण्यासारखी आहे. शेणाचे गोळे झेलण्याचं धैर्य फार मोठं, पण वर्गात शिरल्यावर समोरच्या नऊ मुलींना अक्षर ओळखायला लावायचं कसब वेगळं असतं, आणि ते शिकावं लागतं.

१८५४ साली शिक्षणाबद्दलचा वुडचा खलिता आला. गावोगाव देशी भाषांतल्या शाळा काढायच्या तर शिक्षक तयार करणाऱ्या शाळाही हव्यात, हे त्यात स्पष्ट म्हटलं होतं. पुण्यात पुरुषांसाठी ट्रेनिंग कॉलेज उभं राहिलं. त्याचे प्रमुख होते कृष्णशास्त्री चिपळूणकर, ज्यांनी अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणल्या तेच. शिक्षकांसाठी निघणारं 'शालापत्रक' हे मासिकही त्यांच्याकडे होतं, पुढे ते त्यांच्या मुलाकडे, विष्णुशास्त्र्यांकडे आलं. मला हे वाचून भारी वाटलं. त्या काळातला मराठीतला एक पहिल्या प्रतीचा विद्वान खेड्यापाड्यांतून आलेल्या पंतोजींना घडवायला बसवला होता. १८७०च्या सुमारास पुण्यात स्त्रियांसाठीही ट्रेनिंग कॉलेज निघालं. त्यामागे मेरी कार्पेंटर या इंग्रज बाईंचा आग्रह होता. मुलींच्या शाळा चालायच्या तर बाया शिक्षिका तयार केल्या पाहिजेत, हे त्या १८६६ पासून सरकारला सांगत होत्या.

मात्र या कॉलेजांच्या नावात कॉलेज असलं तरी त्यांचा विद्यापीठाशी संबंध नव्हता. मराठी शाळेत शिकलेला मुलगा तिथं यायचा, मराठीतून शिकायचा, दाखला घेऊन मराठी शाळेत परत जायचा. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीच निघालं होतं, पण ते इंग्रजीतून शिकणाऱ्यांचं. आणि विद्यापीठातून बाहेर पडणारे बी.ए. हायस्कुलांत शिकवू लागले ते कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय. १८८०च्या जानेवारीत विष्णुशास्त्री आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आगरकर मागोमाग आले. ही माणसं थोर शिक्षक होती, यात मला शंका नाही. पण त्यांच्या तेजामुळे पुण्यात एक समजूत घट्ट झाली: विद्वान माणसाला शिकवायला शिकवावं लागत नाही. असं करत गुरुजीकडे प्रशिक्षण होतं पण पदवी नव्हती, आणि मास्तरांकडे पदवी होती पण प्रशिक्षण नव्हतं. मान कुणाकडे गेला हे सांगायला नको.

हे सगळं एका माणसानं त्याच वेळी ओळखलं होतं. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणारं हंटर कमिशन आलं. त्याला दिलेलं, १९ ऑक्टोबर १८८२ची तारीख घातलेलं जोतीराव फुल्यांचं निवेदन मी गेल्या दहा वर्षांत किती वेळा वाचलं असेल, मोजदाद नाही. शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांवर खर्च होतो आणि कर भरणारा शेतकरी कोरडा राहतो, हा त्यातला मुद्दा सगळ्यांना माहीत आहे. मला खिळवून ठेवतात ती शिक्षकांवरची कलमं. जोतीराव सांगतात की प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक अप्रशिक्षित आहेत, त्यांच्या जागी चांगले प्रशिक्षित शिक्षक नेमा. ते शेतकऱ्यांच्या घरातून यावेत, म्हणजे वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हातात धरायला त्यांना लाज वाटणार नाही आणि खालच्या थरातल्या लोकांत ते सहज मिसळतील. त्यांच्या प्रशिक्षणात शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान असावं. पगार बारा रुपयांच्या खाली असू नये, मोठ्या गावांत पंधरा ते वीस असावा. आणि गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, टपाल सांभाळणं अशी कामं त्यांच्याकडे दिली तर गावात त्यांचं वजन वाढेल.

हे शेवटचं वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. आम्ही आयुष्यभर जनगणना, मतदार याद्या, पोलिओ, सगळं केलं आणि त्याबद्दल कुरकुरत राहिलो. जोतीरावांनी हीच कामं मान मिळावा म्हणून मागितली होती. काम तेवढं आलं, मान आणि मोबदला वाटेत राहिला.

कमिशननं आपल्या शिफारशींत एक छोटं कलम घातलं. पदवीधरांना शिक्षक व्हायचं असेल तर त्यांना इतरांपेक्षा कमी मुदतीचं प्रशिक्षण पुरे. माझ्या मते वाटणीची रेघ इथं कागदावर उमटली. १९०४ सालच्या कर्झनच्या शिक्षणविषयक ठरावानं ती गडद केली: पदवीधराला एक वर्ष आणि शेवटी विद्यापीठाची पदवी किंवा पदविका, इतरांना दोन वर्षं. १९०६ साली मुंबईला सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालं. पुढे मुंबई विद्यापीठाची बी.टी. आली, बॅचलर ऑफ टीचिंग. नावातच 'टीचिंग' होतं, पण ते टीचिंग हायस्कुलाचं. चार वर्षांच्या पोराचं बोट धरून त्याला पाटीवर आणणं यात बॅचलर होता येत नव्हतं.

पुण्यातल्या हायस्कूल मास्तराला बी.टी. व्हायचं तर मुंबई गाठावी लागे. घर पुण्यात, बिऱ्हाड मुंबईत, वर्षभर पगार नाही. ही अडचण दूर झाली १९४१ साली, महाराष्ट्र विद्या मंडळानं टिळक कॉलेज ऑफ एज्युकेशन काढलं तेव्हा. सरकारवर न विसंबता शहरातल्या माणसांनी शिक्षकांसाठी पदवीचं कॉलेज उभं केलं, याचं मोल मोठं आहे. माझ्या ओळखीतले जुने मुख्याध्यापक 'मी टिळकचा' असं छाती काढून सांगायचे. १० फेब्रुवारी १९४९ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं, बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि शिक्षकांची पदवी पुण्यातच मिळू लागली. बी.टी.ची पुढे बी.एड. झाली.

गुरुजींचा रस्ता मात्र वेगळाच चालला होता, आणि त्या रस्त्यावर सगळ्यात चांगलं काम बायकांकडून आणि बायकांसाठी झालं. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. विधवा, टाकलेल्या, घरच्यांनी शिक्षण थांबवलेल्या बायका तिथून शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं आणि त्याच सुमारास अध्यापिकाशाळाही. मी लहान असताना आमच्या जुन्नर तालुक्यातल्या गावात एक वयस्क बाई होत्या, नऊवारी, केस कापलेल्या, पायात पुरुषी वहाणा. पुण्यात 'ट्रेन' होऊन आल्या होत्या. अख्खा गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणे, नाव कुणी घेत नसे. त्यांनी मला बाराखडी शिकवली. 'क'ला काना देताना त्या माझा हात हातात घेऊन हवेत रेघ मारायच्या. पुढे मी स्वतः पोरांना तसंच शिकवलं आणि प्रशिक्षणात कळलं की हवेत गिरवायची ही रीत पद्धतीतच बसते. बाईंना ते तीस-चाळीस वर्षं आधी कुणीतरी शिकवलं होतं.

माझं डी.एड. १९७४ ते ७६. जुनी अकरावीची एस.एस.सी. होऊन मी पुणे जिल्ह्यातल्या एका अध्यापक विद्यालयात गेलो. सतरा वर्षांचा होतो. पहाटे प्रार्थना, सफाई, सूतकताई. गांधीजींच्या मूलोद्योगाचा शेवटचा वास अजून तिथं होता. (त्या शिक्षणाची पहिली परिषद १९३९ साली पुण्यातच भरली होती.) टकळीवर माझा धागा सारखा तुटायचा. पण पाठाची तयारी मला मनापासून आवडायची. हर्बार्टची पंचपदी आम्ही झोपेतही म्हणत असू: प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, सामान्यीकरण, उपयोजन. आदल्या रात्री पाठ टाचण काढायचं, सरांकडून मंजूर करून घ्यायचं, गुंडाळी फळा काखेत मारून सराव शाळेत जायचं. खादी फलकावर चित्रं चिकटवायची तर ती भर पाठात गळून पडायची आणि पोरं खिदळायची.

एकदा मी 'हातचा' शिकवत होतो, तिसरीला. पंधरा मिनिटं नीट बोललो, एकाही पोराला कळलं नाही. मागं बसून पाठाचं निरीक्षण करणारे गुरुजी उठले, खिशातून काडेपेटी काढली, दहा काड्यांना सुतळी बांधली आणि ती जुडी पोरांच्या हातात दिली. बोलले काहीच नाहीत. एक-दोन पोरांनी जुडी फिरवून बघितली आणि एकजण ओरडला, "ही एकच आहे, पण दहा हाय!" दशक म्हणजे काय हे मला स्वतःला त्या दिवशी कळलं. हे ज्ञान पदवीच्या लायकीचं नाही असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी तिसरीचा वर्ग कधी घेतला नसावा.

नोकरी लागल्यावर मी बहिःस्थ बसून बी.ए. केलं, १९८४ साली. मग बी.एड.चं डोक्यात आलं. पुण्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात चौकशीला गेलो. बी.एड. तेव्हा एक वर्षाचं, पूर्ण वेळ. बिनपगारी रजा काढावी लागली असती, घरात दोन लहान मुलं आणि गावाकडे म्हातारी आई. खिडकीतल्या माणसानं माझा अर्ज वाचला, 'प्राथमिक शिक्षक' या शब्दांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "तुम्हाला कशाला हवंय हे? लहान पोरांना काय लागतं?" मी अर्ज परत घेतला. बसमध्ये बसल्यावर त्याला द्यायची चांगली दहा उत्तरं सुचली.

कोठारी आयोगानं १९६६ सालीच सांगून ठेवलं होतं की शिक्षकांचं शिक्षण विद्यापीठापासून, शाळांपासून आणि एकमेकांपासून तुटलेलं आहे, ते जोडा. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपलेच, कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांची भारतीय शिक्षण संस्था १९७६ साली मुंबईहून पुण्यात, कोथरूडला आली. पण आयोगाच्या अहवालातून माझ्यासारख्याच्या दारापर्यंत काही पोचायला आणखी पंचवीस वर्षं जावी लागली.

जुलै १९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. पहिले कुलगुरू राम ताकवले, जे आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद. त्यांनी नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी बी.एड. आणलं: वर्गही सोडायचा नाही, पगारही सोडायचा नाही. नव्वदच्या दशकात मी पुण्यातल्या अभ्यासकेंद्रात नाव घातलं, वय अडतीस. पुस्तकं घरी आली, मराठीत, जाड, साध्या बांधणीची. रात्री जेवणं झाल्यावर मी आणि माझा मोठा मुलगा एकाच टेबलावर अभ्यासाला बसायचो, तो दहावीचा आणि मी बी.एड.चा. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत संपर्कसत्रं. आमच्या तुकडीत मुळशीच्या डोंगरातली एक शिक्षिका होती. ती पहाटे चारला निघून दोन एस.ट्या बदलून यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. आमच्यातल्या प्रत्येकाजवळ दहा-पंधरा वर्षांचा वर्ग होता. मार्गदर्शक म्हणाले की आता प्रेरणा हा घटक घेऊ, तर वीस हात वर यायचे. प्रत्येकाजवळ प्रेरणा न मिळालेल्या एखाद्या मुलाची गोष्ट होती. अशी बी.एड.ची तुकडी नियमित कॉलेजात मिळणार नाही, हे आमच्या मार्गदर्शकांनीच कबूल केलं.

तरीही माझे सराव पाठ झाले ते माध्यमिकच्या वर्गावर. पहिली-दुसरीतल्या माझ्या कामाची तिथं नोंद नव्हती. पदवी हाती आली, मी पदवीधर शिक्षकाच्या यादीत आलो, आणि त्या पदवीत माझ्या रोजच्या वर्गाबद्दल एकही ओळ नव्हती.

माझी पुतणी अमेरिकेत फ्लोरिडात असते. तिच्या शेजारच्या बाई शाळेत मदतनीस होत्या, वयाच्या पस्तिशीत गावातल्या कॉलेजात जाऊन शिक्षिकेची पदवी घेऊन आल्या. मला आश्चर्य वाटलं म्हणून मी माहिती काढली. तिथं दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं असतात, स्वस्त, घराजवळची, कामकरी माणसांची. पदवी देणं हे त्यांचं काम नव्हतं. सेंट पीटर्सबर्ग ज्युनियर कॉलेज हे असंच १९२७ सालचं कॉलेज. शिक्षकांचा तुटवडा पडला तेव्हा २००१ साली तिथल्या राज्यानं कायदा करून त्याला पदवी देण्याची मुभा दिली आणि सुरुवातीच्या पदव्यांत शिक्षक-शिक्षणाची पदवी होती, लहान मुलांना शिकवणाऱ्यांचीसुद्धा. विद्यापीठ उठून माणसाजवळ गेलं, हे माझ्या मनात राहिलं. ताकवल्यांनी आमच्यासाठी तेच केलं होतं, बारा वर्षं आधी.

आपल्याकडे मधल्या काळात पुष्कळ उलथापालथ झाली. पदविका विद्यालयांचं पीक आलं आणि नोकऱ्या नसल्यानं तितक्याच वेगानं ओसरलं. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. २०१८ साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीला शिकवायला मुभा दिली आणि ११ ऑगस्ट २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. लहान मुलांना शिकवण्याचं कसब वेगळं आहे, बी.एड.मध्ये ते शिकवलं जात नाही, असा न्यायालयाचा आशय होता. बी.एड.वाल्या हजारो मुलांचं त्यात नुकसान झालं आणि त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. तरी तो निकाल पेपरात वाचताना मला ती काडेपेटी आठवली. देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयानं गुरुजीचं काम ही स्वतंत्र विद्या आहे असं म्हटलं होतं.

आता नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची एकात्मिक पदवी आली आहे, बारावीनंतर. २०२३-२४ला देशातल्या ५७ संस्थांत ती सुरू झाली. पायाभूत स्तरावर, म्हणजे अगदी बालवाडीपासून दुसरीपर्यंत शिकवणाऱ्यालाही तीत जागा आहे. जोतीरावांच्या निवेदनानंतर एकशे एकेचाळीस वर्षांनी लहान मुलांच्या शिक्षकाला त्याच्याच कामाची विद्यापीठाची पदवी मिळणार आहे. २०१४पासून पुणे विद्यापीठाच्या कमानीवर सावित्रीबाईंचं नाव आहे, एका प्राथमिक शिक्षिकेचं. त्या कमानीखालून बालवाडीची बाई पदवीसाठी आत जावी, ही माझी इच्छा आहे आणि ती मी कुणापासून लपवत नाही.

माझी एक विद्यार्थिनी बालवाडीत शिकवते, मानधनावर. १९९९ साली माझ्याकडे पहिलीत होती, आता तिशी ओलांडली आहे. मागच्या रविवारी ती त्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची माहिती मोबाइलवर घेऊन आली. पूर्ण वेळ, चार वर्षं. तिला एक मुलगी आहे, नवरा टेम्पो चालवतो. "गुरुजी, हे काम करता करता नाही का होणार?" तिनं विचारलं. आज तरी नाही, असं मला सांगावं लागलं. मुक्त विद्यापीठानं आम्हाला दिली तशी सोय हिलाही मिळाली पाहिजे, असं मी आता पत्रावर पत्र लिहून सांगतो आहे. पहिलं पत्र तिच्यासमोरच लिहायला घेतलं. तिनं तोवर पिशवीतून वही काढली. सोमवारच्या वर्गाची तयारी होती, 'लहान-मोठं' शिकवायचं होतं आणि त्यासाठी तिनं घरातल्या पाच वाट्या धुऊन आणल्या होत्या. एकात एक बसवून तिनं त्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "आधी हे बघा, जमतंय का."

मी पेन खाली ठेवलं आणि वाट्या उचलल्या.